देल्फिनाबाईंचा पाइप आणि प्रजासत्ताक

एकोणतीस सप्टेंबरच्या सकाळी नेवियो प्लंबरने देल्फिनाबाईंच्या सिंकखालचा पाइप उघडला, त्याचे दोन तुकडे करून जमिनीवर मांडले, जोडणीचे पितळी नट ओट्याच्या कडेला ठेवले, आणि "नवा वॉशर लागेल काकू, परवा येतो," असे सांगून तो निघून गेला. परवा तो राष्ट्रप्रमुख झाला.

यात नेवियोने कोणाला फसवले असे नाही. कौन्सिलने, म्हणजे आमच्या संसदेने, त्याची निवड पंधरवड्यापूर्वीच केली होती आणि ती इटलीने वेढलेल्या आमच्या साऱ्या सान मारिनो देशाला ठाऊक होती. आमच्याकडे राष्ट्रप्रमुख दोन असतात, त्यांना कप्तान म्हणतात, आणि ते सहा महिने टिकतात. एकाने काही करू म्हटले तर दुसऱ्याने मोडता घालावा, आणि दोघांचे एकमत होईपर्यंत मुदत संपावी, ही पूर्वजांची दूरदृष्टी. देश एकसष्ट चौरस किलोमीटरांचा. त्यात वर्षाला चार कप्तान निघाले की कधी ना कधी प्रत्येक घरावर पाळी येते, आणि ज्या घरात एकही माजी कप्तान नाही त्या घरात मुलगी देताना लोक जरा विचार करतात. देल्फिनाबाईंचे कैलासवासी यजमानही एकदा कप्तान होते. त्यांचा मखमली पोशाखातला फोटो जेवणघरात लावलेला होता, आणि त्या सहा महिन्यांत ते घरातही कसे वागत याच्या आठवणी बाईंनी कोणाला कधी सांगितल्या नव्हत्या.

तेव्हा कप्तान झालेला माणूस सहा महिने आपला धंदा करीत नाही, हे बाईंना कळत नव्हते असे नाही. फक्त प्लंबरच्या "परवा" वर विश्वास ठेवण्याची चूक, जी जगात कुठेही होते, ती त्यांच्या हातून भलत्या मुहूर्तावर झाली. तीस तारखेला नेवियो लांब मोजे घालून शिंप्यापुढे उभा होता. एक तारखेला शपथविधीच्या तोफा झाल्या.

पाइपावाचून सहा महिने काढणे देल्फिनाबाईंना जड नव्हते. युद्धानंतरच्या दिवसांत वाढलेल्या बाईला बादली नवी नाही. प्रश्न पाच फेब्रुवारीचा होता. त्या दिवशी संत आगाथेचा सण, आणि सणाचे जेवण गेली बेचाळीस वर्षे देल्फिनाबाईंच्या डोंगरावरच्या बोर्गो गावातल्या घरी होत आले होते. चौतीस माणसे, तीन तऱ्हेच्या बशा, कोंबडीच्या रश्शातल्या पास्सातेल्ली नावाच्या जाड शेवया, बडीशेप घालून भाजलेले ससे. कुटुंबात कोणाचे कोणाशी बोलणे आहे, कोणाचे लग्न ठरले, कोणाला कुठे चिकटवायचे, हे सारे त्या मेजावर ठरे, आणि मेजाच्या डोक्याशी बाई बसत. त्या जेवणावर एका व्यक्तीचा डोळा होता. ती म्हणजे त्यांची धाकटी जाऊ योलान्दा, जी खाली सेर्राव्हाल्लेमध्ये राहत असे आणि जिने गेल्या वर्षीच नवे स्वयंपाकघर करून घेतले होते.

पाइप उघडल्याची बातमी योलान्दाकडे दोन तासांत पोहोचली. तिचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात मध होता. जाऊबाईंनी या वयात मुळीच धावपळ करू नये, या वर्षी सगळ्यांनी खाली यावे, तिच्याकडे भांडी धुण्याची दोन यंत्रे आहेत, आणि पुढच्या वर्षी जेवण पुन्हा वर जाईलच, असे तिने सुचवले. देल्फिनाबाईंना पक्के माहीत होते की डोंगरावरून खाली गेलेली वस्तू आपल्या देशात पुन्हा वर येत नाही. आणि यजमानांच्या फोटोसमोर त्यांनी एवढेच म्हटले की सणाला अजून चार महिने आहेत, आणि चार महिन्यांत राज्ये उलटतात, पाइप तर पाइपच.

पहिला प्रयत्न घरातूनच झाला. बाईंचा चिरंजीव तुल्लियो पन्नाशीचा असून सरकारी टपाल तिकिटांच्या कचेरीत होता. आमच्याकडे पत्रे फारशी कोणी लिहीत नाही, पण तिकिटे उत्तम निघतात, आणि ती चिकटवण्याखेरीज तुल्लियोच्या हातांना दुसरी कला नव्हती. त्याने पाइपाचे दोन तुकडे चिकटपट्टीने जोडले, आईला लांब उभे केले आणि नळ पूर्ण सोडला. पाणी पाइपातून गेले नाही. ते जमिनीवरून, फटीतून, खालच्या मजल्यावर सेत्तिमियोच्या दुकानात गेले.

सेत्तिमियो आपल्या दुकानात आसपासच्या देशांत तयार होणारी अत्तरे आणि मद्ये त्याच देशांतल्या प्रवाशांना स्वस्तात विकत असे. आमच्या व्यापाराचे तत्त्व थोडक्यात हेच आहे. जोडीला लाकडी धनुष्ये होती, मुलांसाठी. पाणी नेमके धनुष्यांवर पडले. दुसऱ्या दिवशी ती फुगली, तिसऱ्या दिवशी वाकली, आणि चौथ्या दिवशी त्यातले एक आपोआप सुटून एका जर्मन आजोबांच्या टोपीला लागले. सेत्तिमियो वर आला तेव्हा तो ओरडला नाही. तो गावच्या समितीत होता आणि समितीतली माणसे आधी लेखी देतात. त्याने लेखी दिले की वरच्या मजल्यावरच्या सिंकचा नळ आजपासून बंद राहील, आणि खाली सही करून पेढीचा शिक्का मारला.

मग बाईंनी दुसरा प्लंबर बोलावला. लोरिस आला, वाकला, पाहिले, आणि हात पाठीमागे बांधून सरळ उभा राहिला.

"हे कुणी उघडलंय?"

"नेवियोनं."

"मग मी हात लावणार नाही, बाई. मी दुसऱ्या पक्षाचा. उद्या म्हणतील, विरोधकांनी कप्तानांचं काम उखडलं."

"अरे, उखडलेलं जोडायचंय."

"तेच म्हणतील. जोडलं म्हणून कोण बोलतंय इथं?"

राहिला रिमिनीचा प्लंबर. रिमिनी परदेशात, इटलीत आहे, म्हणजे बाईंच्या खिडकीतून दिसते. तिथला माणूस आणायचा तर परवाना लागतो. परवान्यासाठी देशी कारागीर उपलब्ध नसल्याचा दाखला लागतो. तो दाखला प्लंबरांच्या संघाचा अध्यक्ष देतो. संघाचा अध्यक्ष नेवियो होता. कप्तान झाल्यामुळे त्याने ते पद सहा महिने बाजूला ठेवले होते, आणि उपाध्यक्ष लोरिस म्हणाला की देशी कारागीर उपलब्ध आहे, तो समोर उभा आहे, पण तो हात लावणार नाही, आणि दाखल्याच्या कागदावर यासाठी रकाना नाही.

एवढे झाल्यावर देल्फिनाबाईंनी कपाटातून काळा पोशाख बाहेर काढला.

कप्तान गादीवर बसले की पुढच्या पहिल्या रविवारी कोणाही नागरिकाने उठावे, राजवाड्यात जावे आणि आपला अर्ज त्यांच्या हातात ठेवावा, अशी आमच्याकडे शतकांची रीत आहे. कोणाला रस्त्यावर दिवा हवा असतो, कोणाला शेजाऱ्याचे झाड नको असते. त्या रविवारी रांग लांब होती. देल्फिनाबाई मोत्यांची माळ घालून, पाठ ताठ ठेवून तासभर उभ्या राहिल्या, आणि त्यांची पाळी आली तेव्हा समोर नेवियो होता. काळी मखमल, गळ्याशी पांढरी झालर, कमरेला तलवार. त्याच्या शेजारी त्याच पोशाखात दुसरी कप्तान, ओर्नेला. एरवी ती शाळेत गणित शिकवत असे, आणि नेवियोच्या विरुद्ध पक्षाची असल्यामुळे त्याची प्रत्येक गोष्ट वहीसारखी तपासत असे.

नेवियोने बाईंना पाहिले आणि त्याची मान झालरीत थोडी आत गेली. तरी त्याने ठरलेले वाक्य म्हटले. "नागरिक भगिनी, प्रजासत्ताकाकडे आपली काय मागणी आहे?"

"मागणी तुला ठाऊक आहे, नेवियो."

बाजूला उभा असलेला शिष्टाचार अधिकारी खाकरला. कप्तानांना आदरार्थी बोलावे लागते.

"बरं," देल्फिनाबाई म्हणाल्या. "आपण परवा येतो म्हणाला होतात. आज आठवडा झाला."

रांगेत मागे कोणीतरी हसू दाबले. नेवियो हळूच म्हणाला, की काकू, मला हे सहा महिने पानासुद्धा हातात धरता येत नाही. आणि ओर्नेलाच्या सहीशिवाय तर दारही उघडता येत नाही.

ओर्नेलाने अर्ज घेतला. अर्ज सार्वजनिक हिताचाच असावा लागतो, एका घरचा पाइप प्रजासत्ताकापुढे ठेवता येणार नाही, असे ती सांगणार होती. पण बाईंनी अर्जात पाइपाचे नाव काढलेच नव्हते. त्यांनी लिहिले होते: राष्ट्रप्रमुखपदी चढणाऱ्या कारागिराने हातातले काम आधी पुरे करावे, आणि तसे न झाल्यास ते राष्ट्राने पुरे करावे. ओर्नेलाने तो दोनदा वाचला. तिच्या घराचे पन्हळ गेल्या खेपेच्या कप्तानाने अर्धवट सोडले होते, आणि पाऊस आला की तिच्या वह्या तपासण्याच्या टेबलावर धार लागत असे. तिने सही केली. मग नेवियोनेही केली. ती करताना तो बाईंकडे पाहत नव्हता.

अर्ज दाखल झाल्यावर तिथल्या तिथे, सर्वांदेखत, देल्फिनाबाईंनी एक गोष्ट जाहीर केली. हा पाइप ज्याने उघडला तोच बंद करील, दुसऱ्या कोणाचा हात त्याला लागणार नाही. हे शब्द संध्याकाळच्या आत देशाच्या नऊही गावांत पोहोचले. योलान्दाने ते ऐकले आणि चौतीस खुर्च्या मागवल्या.

ऑक्टोबर गेला. बाई भांडी न्हाणीच्या टबात, गुडघ्यांखाली उशी घेऊन घासत. नोव्हेंबरात एकदा त्यांनी स्वयंपाकघर दार लावून, एकटीने, शेगड्या ओढून झाडून काढले, आणि त्या दिवसापासून पिठाचा डबा फळीवरून काढून स्वतःच्या कपाटात ठेवायला लागल्या. तुल्लियोला वाटले, आईला वयाने विसर पडू लागला.

जानेवारीच्या सुरुवातीलाच अर्ज कौन्सिलपुढे आला. साठ सभासदांपैकी बत्तीस जण बोलले. पाइप हा अर्थव्यवस्थेचा प्रश्न की पायाभूत सुविधांचा, यावर सव्वा तास गेला. एका मंत्र्याने, जो एरवी दातांचा डॉक्टर होता, असे अर्ज म्हणजे राज्यसंस्थेचा उपमर्द असल्याचे सांगितले. तेव्हा समोरच्या बाकावरचे एक वयस्क सभासद उठले, त्यांनी तोंड उघडून सभागृहाला आपली डावी दाढ दाखवली, आणि मंत्रिमहोदयांनी यात दोन वर्षांपूर्वी घातलेले तात्पुरते सिमेंट अजून तात्पुरतेच आहे, हे नोंदवून घेण्याची विनंती केली. मग एकेकाला आठवू लागले. कोणाचा जिना, कोणाचे इच्छापत्र, कोणाची गाय. शेवटी ठराव एकमताने मंजूर झाला. जे काम नक्की कोणी करायचे हे ठरलेले नसते, त्यावर आमच्याकडे एकमत व्हायला वेळ लागत नाही.

ठरावानुसार समिती नेमली गेली. पाच माणसे आली. पाचही जणांनी आळीपाळीने सिंकखाली वाकून बादलीचा फोटो काढला, पाचही जणांनी कॉफी घेतली, आणि एकाने हात धुवायला नळ सोडला तेव्हा खालून सेत्तिमियोने छताला काठी ठोकली. समितीने हा ठोका नोंदवून घेतला. तीन आठवड्यांनी अहवाल आला. त्याचे नाव होते ‘सान मारिनोचे शासन, अर्थव्यवस्था आणि पायाभूत सुविधा: एक संक्षिप्त आढावा’, आणि तो ऐंशी पानांचा होता.

देल्फिनाबाईंनी तो चष्मा लावून, लाल पेन्सिल घेऊन, पहिल्या पानापासून वाचला. शासनाच्या भागात म्हटले होते की दोन कप्तान एकमेकांवर अंकुश ठेवतात आणि त्यामुळे राज्य स्थिर राहते. बाईंनी कडेला लिहिले, "स्थिर आहे हे खरे. हलत नाही." अर्थव्यवस्थेच्या भागात तिकिटे, नाणी, बँका आणि प्रवासी यांचा गौरव होता. तिथे त्यांनी लिहिले, "सरकारी नोकऱ्या राहिल्या. माझा मुलगा पाहा." पायाभूत सुविधांत डोंगरावर दोन मिनिटांत नेणारा तारेवरचा पाळणा होता, रिमिनीचा हमरस्ता होता, युद्धात गेलेली रेल्वे होती आणि तिचे उरलेले बोगदे होते. पाणी व वीज मुख्यतः शेजारच्या देशातून येतात, असेही प्रामाणिकपणे नमूद केले होते. बाईंनी पेन्सिल ठेवून खिडकीबाहेर पाहिले आणि तुल्लियोला म्हणाल्या, "म्हणजे पाणी इटलीचं. गळती तेवढी आपली."

त्यांचा पाइप एकाहत्तराव्या पानावर होता. तिथे एक वाक्य होते: देशातील सांडपाण्याची व्यवस्था समाधानकारक असून एका ठिकाणी किरकोळ काम प्रगतिपथावर आहे.

बाईंनी अहवाल मिटला आणि बादलीखाली सरकवला. तिथली फरशी खचलेली असल्यामुळे बादली एका अंगाला कलत असे. ती सरळ झाली. त्या अहवालाचा एवढा उपयोग आजवर झालेला आहे, दुसरा कोणाच्या ऐकिवात नाही.

फेब्रुवारीच्या एक तारखेला योलान्दा स्वतः वर आली. तिने टब पाहिला, उशी पाहिली, आणि खरे वाटावे इतक्या सहजपणे डोळ्यांत पाणी आणले.

"जाऊबाई, कुणाला दाखवायचंय हे? गुडघे गेले तर सरकार देणार आहे का नवे? मी ससे मुरवायला टाकलेत."

"काढ बाहेर."

"मुरलेले बाहेर काढून काय करू?"

"मग खा तुम्ही दोघं. चौदा ससे ना? पुरतील."

अखेरीस ठरले ते असे: सणाच्या सकाळी दहापर्यंत सिंकमधून पाणी गेले तर जेवण वर. नाही गेले, तर योलान्दाचे मुलगे गाडी घेऊन येतील, रश्शाची भांडी उचलतील, आणि जेवण खाली. कायमचे, असे कोणी म्हटले नाही. म्हणण्याची गरज नव्हती.

पाच तारखेला थंडी कडाक्याची होती. देल्फिनाबाई पहाटे उठल्या, टबापाशी गुडघ्यांवर बसून कोंबड्या धुतल्या, रस्सा चढवला, काळा पोशाख घातला, यजमानांचे पदक छातीला लावले, आणि साडेनऊला पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. संत आगाथेची मिरवणूक बोर्गोतून निघून वर गडाकडे जाते, आणि ती त्यांच्या दारावरून जाते. एवढेच नव्हे. त्यांच्या दारापाशी चढ अवघड होतो म्हणून मूर्ती उचलणारे तिथेच थांबून खांदे बदलतात. हे त्या लग्न होऊन या घरात आल्यापासून पाहत होत्या.

बँड आला, मेणबत्त्या आल्या, मूर्ती आली, आणि मूर्तीमागे दोन्ही कप्तान. मिरवणूक थांबली. नेवियो बरोबर पायरीसमोर उभा होता. त्याने समोर पाहायचे ठरवले होते, आणि समोर पाहतही होता.

देल्फिनाबाईंनी आवाज चढवला नाही.

"नेवियो. पाय पुसून आत ये."

"काकू, मिरवणूक चाललीय."

"थांबलीय. खांदे बदलायला पाच मिनिटं लागतात. तू लहान होतास तेव्हा दोन लागायची, आता उचलणारे म्हातारे झालेत."

नेवियोने ओर्नेलाकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच विरुद्ध पक्षाकडे कोणी इतक्या आशेने पाहिले असेल. ओर्नेलाने त्याच्याकडे पाहिले, मूर्तीकडे पाहिले, आणि मग बाईंच्या हातांकडे, जे टबातल्या गार पाण्याने लाल झाले होते.

"एकट्याला जाता येणार नाही," ती म्हणाली. "मी पण येते. आणि ठराव झालेला आहे, एकमतानं. कुणीतरी अमलात आणायलाच हवा. चला लवकर, मला थंडी वाजतेय."

दोन्ही राष्ट्रप्रमुखांनी पायपुसण्याला बूट घासले आणि ते जिना चढून आत गेले. कप्तान जिथे जातात तिथे पहारा जातो, म्हणून दोन शिपाई नंग्या तलवारी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. नेवियोने आपली तलवार काढून ओर्नेलाच्या हातात दिली. बाईंनी त्याची झालर कपड्यांच्या चिमट्याने मागे लावली. पाना तुल्लियोने आणला. मग मखमलीसकट कप्तान सिंकखाली शिरले, बादली सरकवली, आणि आतून त्यांचा आवाज आला की उजेड हवा. एका हातात तलवार आणि दुसऱ्यात विजेरी घेऊन ओर्नेला गुडघ्यांवर बसली.

"वॉशर आणलायस का?" बाईंनी विचारले. त्यांनी त्याला आता पुन्हा अरेतुरे सुरू केले होते.

नेवियोने मखमलीच्या खिशात हात घालून वॉशर काढला. "तीस सप्टेंबरला घेतलाय, काकू. चार महिने खिशातच आहे. रोज वाटायचं, पटकन जाऊन यावं."

"मग का नाही आलास?"

"रोज वाटायचं, पण रोज हिला विचारावं लागलं असतं."

"विचारलं असतंस तर आले असते की," ओर्नेला म्हणाली.

सिंकखाली नेवियोने वॉशर बसवला. बाहेर बँडने तेच गाणे पुन्हा धरले. खांदे बदलून झाले होते आणि मूर्ती निघायला तयार होती, पण कप्तानांशिवाय मिरवणूक हलत नाही. आता पाद्री पाहायला आला. त्याने दारातून तलवारी पाहिल्या, मखमलीची मागची बाजू पाहिली, आणि आल्या पावली परत गेला. त्याच्या घरचा पाणी तापवण्याचा बंब जुलैपासून उघडा पडलेला होता.

दहाला दोन मिनिटे असताना योलान्दा आपले दोन मुलगे आणि रिकामी टोपली घेऊन जिना चढून आली, आणि पहारेकऱ्यांमागे अडकली. तिला दोन तलवारींच्या मधून जेवढे दिसले तेवढे दिसले.

"नट?" सिंकखालून हात बाहेर आला. "इथंच ओट्यावर ठेवलं होतं मी. आता नवं कुठलं आणायचं?"

देल्फिनाबाई कपाटाकडे गेल्या, पिठाचा डबा काढला, पिठात कोपरापर्यंत हात घातला, आणि पितळी नट काढून, एप्रनला पुसून, त्या तळव्यावर ठेवले.

नेवियोचे डोके बाहेर आले. त्याने नटाकडे पाहिले, मग बाईंकडे. "हे तुमच्यापाशीच होतं?"

"काम कर."

त्याने काम केले. चार फेरे, एक घट्ट पिळा. बाईंनी नळ सोडला. पाणी पडले, गोल फिरले, आणि पाइपातून खाली, गटारात, प्रजासत्ताकाच्या समाधानकारक व्यवस्थेत निघून गेले. खालच्या मजल्यावर सेत्तिमियो काठी हातात घेऊन वाट पाहत राहिला; त्याला ठोकायला काही मिळाले नाही. गडावरच्या घंटेने दहा दिले.

कप्तान जेवायला थांबले नाहीत. ते मिरवणुकीबरोबर वर गेले, आणि नेवियोच्या मखमलीवर दोन्ही गुडघ्यांशी ओले गोल डाग होते ते प्रार्थनेत सर्वांनी पाहिले. भाविकांना वाटले, आपला कप्तान फार वेळ गुडघे टेकून होता. ते खरेच होते.

जेवण वर झाले. चौतीस जण जेवले, दोन लग्ने जुळली, एक अबोला सुटला, आणि मेजाच्या डोक्याशी देल्फिनाबाई बसल्या. योलान्दा त्या दिवशी फार कमी बोलली. जेवणानंतर तिने स्वतःहून बाह्या वर केल्या, सिंकपाशी उभी राहून एकूण एक बशी धुतली, ओट्याची कड पुसली, आणि मग हलक्या आवाजात विचारले, "जाऊबाई, ते नट सापडलं कधी हो?"

"नोव्हेंबरात. शेगडीखाली."

"नोव्हेंबरात," योलान्दा म्हणाली. "मग तेव्हाच तुल्लियोला..."

"सगळ्या देशादेखत बोलून बसले होते मी. आणि वॉशर नव्हता."

"बरं," योलान्दा म्हणाली. तिने नुसते ‘बरं’ म्हणून गप्प बसावे, हे चाळीस वर्षांत प्रथमच घडत होते, आणि ते देल्फिनाबाईंच्या लक्षात यायला हवे होते.

मार्चच्या मध्याला कौन्सिलने पुढचे दोन कप्तान निवडले. एक वकील आणि एक फाएतानो गावचा फरशीवाला, एत्तोरे. निवड दुपारी झाली. रात्रीच्या जेवणापर्यंत एत्तोरेला अकरा घरांतून फोन गेले होते, आणि प्रत्येक घरी फरशी ताबडतोब उखडून हवी होती. बसवण्याची घाई कोणालाच नव्हती. पहिला फोन सेर्राव्हाल्लेहून होता.

तीस मार्चला योलान्दाने देल्फिनाबाईंना फोन केला. आवाजात तोच मध होता. तिच्या जेवणघराची सगळी फरशी निघाली आहे, एत्तोरे परवा येतो म्हणून गेला आहे, आणि हा अर्धवटपणा कसा सोसायचा तिला कळत नाही. तेव्हा तीन सप्टेंबरला, देशाच्या सणाला, साऱ्या कुटुंबाने तिच्याकडेच यावे. "तोवर दोन्ही कप्तान येऊन बसवून जातीलच म्हणा," ती म्हणाली. "आता पायंडा पडलाय. तुमच्यामुळेच."

देल्फिनाबाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ यजमानांच्या फोटोकडे पाहत बसल्या.

एक एप्रिलला तोफा झाल्या, नेवियोने मखमल उतरवली आणि तो पुन्हा प्लंबर झाला. दोन एप्रिलला सिंकखालून टप, टप असा आवाज येऊ लागला. बाईंनी त्याला फोन लावला. सहा महिन्यांची कामे तुंबली आहेत, असे तो म्हणाला, फार दिलगिरी व्यक्त केली, आणि शेवटी म्हणाला, "परवा येतो, काकू."

देल्फिनाबाईंनी रिसीव्हर ठेवला. एप्रन बांधला. ड्रॉवरमधून पाना काढला, उशी टाकून सिंकखाली वाकल्या, आणि नट पाव फेरा फिरवले. आवाज थांबला. तुल्लियो दारात उभा राहून हे तोंड उघडे टाकून पाहत होता. आई, तुला हे येत होतं, एवढेच तो म्हणू शकला.

बाईंनी हात पुसले आणि पाना जागेवर ठेवला. येत तर होतेच. पण आता नेवियो राष्ट्रप्रमुख नव्हता. त्याची वाट पाहण्यात काही अर्थ राहिला नव्हता.